साडभावांचं चाकावरचं घर

आदिलाबाद जिल्ह्यात घरं पुष्कळांची आहेत आणि गाड्याही पुष्कळांच्या आहेत. पण ज्याच्या घराला पेट्रोल पंपावर नेऊन हवा भरावी लागते असा गृहस्थ सगळ्या जिल्ह्यात एकच, आणि तो माझा साडभाऊ आहे, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. तीस वर्षं आदिलाबादच्या बाजारात त्यांचं कूलरचं दुकान होतं. आता दुकान बंद करून ते जैनथच्या बाजूला आपल्या गावी राहतात, आणि अंगणात तुळशीच्या शेजारी त्यांचं हे दुसरं घर उभं असतं: फायबरचं, पांढरंशुभ्र, चहूबाजूंनी गोल, खाली दोन चाकं आणि पुढं जीपला अडकवायचा लोखंडी दांडा. आत दोघांपुरता पलंग, एक ओटा, एक टाकी आणि पडद्याआड संडास. साडभाऊ बुटके असल्यामुळे आत ताठ उभे राहतात. मी उंच असल्यामुळे नम्र होतो. गावातली पोरं या घराला अंडं म्हणतात, ते त्यांना चालतं. कापूस विकायला निघालेले शेतकरी मात्र ट्रॉली म्हणतात, आणि तिथं साडभावांचा चेहरा बदलतो. "मास्तर, ट्रॉलीत कापूस भरतेत," ते मला सांगतात, जणू मीच तसं म्हणालो होतो. "याच्यात मानूस राह्यते."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला कारण आहे, आणि ते हसण्यासारखं नाही. काही वर्षांपूर्वी निर्मलला आमच्याकडे लग्न होतं. ऐन उन्हाळा. आदिलाबादहून बसनं आलेली अक्का मांडवात उभ्या उभ्या कोसळली. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यालात? पुन्हा विचारल्यावर अक्का म्हणाली, काल संध्याकाळपासून प्यालेच नाही. काऊन, असं साडभावांनी विचारलं, तेव्हा ती त्यांच्याकडं न पाहता म्हणाली, "रस्त्यात जागा राह्यते का कुटं बायकायले? म्या तर लगन झाल्यापासून गावाला जायच्या आदल्या दिवशीच पानी सोडून देतो." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, मीठ संपलं हे सांगावं तसं तिनं सांगितलं. साडभाऊ लग्नातलं जेवले नाहीत. मंडपाबाहेर बाजेवर बसून होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तीस वर्स म्या लोकायले थंडी हवा इकली, मास्तर. अन् घरची बाई तहानेली फिरून राह्यली, ते मले मालूम नाई."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं त्यांना हे घर दिसलं. कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीनं गावोगाव जाहिरात करायला म्हणून ते कधीकाळी आणलं होतं आणि मग टाकून दिलं होतं. चाकं मातीत रुतलेली, आत कोंबड्यांचा संसार, बाहेर टपोऱ्या बोंडाचं चित्र. साडभावांनी बाहेरून बोटाच्या पेरानं टकटक केलं, टरबूज घेताना करतो तसं, आणि कान लावला. कूलरच्या टाक्या दुरुस्त करून करून फायबरची भाषा त्यांना येत होती. जिथं आवाज भरीव तिथं अंग निरोगी, जिथं पोकळ तिथं आत पदर सुटलेला. सगळ्या अंगावर त्यांनी खडूनं फुल्या मारल्या आणि ते घरी येऊन अक्काला म्हणाले, "हाडं चांगले हायेत." अक्काला वाटलं, नात्यातल्या कुणासाठी मुलगी पाहून आले.

पुढची दोन वर्षं आमच्या नात्यात कुणाचं काय चाललंय हे कुणी विचारलं नाही. सगळे "घर कुठवर आलं" एवढंच विचारत. भेगा खरवडून त्यात राळ आणि काचेच्या धाग्याचा कपडा भरणं, वाळलं की घासणं, पुन्हा भरणं. घासायचा कागद आधी खरबरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पाणी लावून असा की हाताला कागद आहे की मलमल ते कळू नये. बोंडाचं चित्र पुसायला एक आख्खा श्रावण गेला. जमिनीची प्लाय कुजली होती ती त्यांनी सगळी उपटली. मग छत गळतं का हे पाहायचा दिवस आला. अक्काला नळी देऊन शिडीवर चढवलं, "म्या थांब म्हनेपर्यंत सोड पानी," असं बजावलं आणि स्वतः खडू घेऊन आत बसले, जिथं थेंब पडेल तिथं खूण करायला. मी पोचलो तेव्हा अक्का तासाभरापासून पाणी सोडत होती आणि आतून आवाज नव्हता. घाबरून दार उघडलं, तर साडभाऊ कोरड्या जमिनीवर मांडी घालून, मान वर करून, छताकडे पाहत बसले होते. एकही थेंब पडला नव्हता. "थांब म्हनाचं राहूनच गेलं," ते म्हणाले. इतका समाधानी माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे.

आरटीओत नोंदणीचा अर्ज घेऊन, जीपमागं घर लावून आम्ही दोघं गेलो तेव्हा कचेरीतल्या तरुण साहेबांनी फोटो आडवा-उभा करून पाहिला आणि "इदेंटि?" म्हणून विचारलं. हे काय आहे, या तेलुगु प्रश्नाचं उत्तर साडभावांनी तीन भाषांत दिलं आणि एकाही भाषेत ते पटलं नाही. मोटार म्हणावी तर इंजिन नाही, ट्रॉली म्हणावी तर अर्जदार रागावतो. शेवटी साहेबच बाहेर आले, चपला काढून घरात चढले, पंप चालू करून नळाला पाणी येतं का ते पाहिलं, पलंगावर टेकले. बाहेर येऊन म्हणाले, "माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे. संडासाची बैठक एवढी उंच कशी केली?" साडभावांनी त्यांना ते माप कागदावर काढून दिलं. ते माप कुठून आलं हे मला ठाऊक होतं. अक्का ओसरीवर पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत असताना हे पट्टी घेऊन तिचा गुडघा मोजत होते, आणि ती "काय शिवून राह्यले मले?" असं विचारत होती. अर्जही मंजूर झाला, सगळे कागद रीतसर, दोन-तीन खेपांनंतर.

घर रस्त्यावर आलं तशा त्यांच्या सवयीही रस्त्यावर आल्या. निघताना ते यादी वाचतात आणि अक्कानं प्रत्येक बाबीला "हाव" म्हणावं लागतं: खिडक्या, साखळी, मागचा दिवा, टाकीचं झाकण. एकदा तिनं सगळ्याला मिळून एकच "हाव" म्हटलं तर त्यांनी पहिल्यापासून वाचली. चालत्या घरात कुणी बसायचं नाही, सगळ्यांनी जीपमध्ये. आणि उभ्या घरात चपला घालून कुणी चढायचं नाही, मग तो जावई असो की सरपंच. दर संक्रांतीला घरात काहीतरी नवीन येतं. एका वर्षी छतावर सोलर आला, एका वर्षी खिडक्यांच्या रबरी पट्ट्या बदलल्या, एका वर्षी पंखा, आणि ही बातमी ते फोनवर अशा आवाजात देतात की माझी बायको आधी विचारते, "मुलगा का मुलगी?" आणि प्रवासात जिथं थांबतील तिथं ते खाली उतरून पहिल्यांदा प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताचा तळवा ठेवतात, लेकराचा ताप पाहावा तसा. लोक चहा मागवतात, हे ताप पाहतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या मुलीचा अक्षराभ्यास बासरला सरस्वतीच्या पायाशी करायचं ठरलं. आमच्याकडे लेकराच्या हातून पहिलं अक्षर तिथं तांदळात काढून घेतात. मुलगी, नात, अक्का, आणि आदल्या रात्रीच निर्मलहून मुक्कामाला आलेले मी आणि माझी बायको असे सगळे पहाटे जीपमध्ये बसलो, मागं घर. निर्मलच्या अलीकडे घाट लागतो. घाट उतरायच्या आधी चहाला थांबलो आणि साडभावांनी डाव्या चाकावर ठेवलेला हात झटकन मागं घेतला.

"आता पुढं जायचं नाई," ते म्हणाले.

मुलगी घड्याळ पाहत होती. "बाबा, दहा वाजता पोचाले पाह्यजे. जरा गरम झालं तं का झालं? निर्मलले मिस्त्री पाहू."

"निर्मल उताराच्या खाली हाय, बाई," ते शांतपणे म्हणाले. "उतारावर चाक निंगालं तं घर मागं राह्यनार नाई. आपल्या अंगावर येईन."

"मुहूर्त जाईन, बाबा."

"जाऊ दे."

तिचे डोळे भरून आले. सुट्टी काढून ती हैद्राबादहून याच दिवसासाठी आली होती. साडभावांनी ते पाहिलं आणि जॅक लावला. चाक थंड होईपर्यंत थांबून त्यांनी ते उतरवलं. आतलं बेअरिंग तापून निळं पडलं होतं आणि ग्रीस डांबरासारखं झालं होतं. तेलकट कागदात गुंडाळलेलं नवं बेअरिंग त्यांच्या डब्यात होतंच. ते त्यांनी तळहातावर ग्रीस घेऊन असं दाबून दाबून भरलं, जणू मोदकात सारण. मी ताटात नट-चकत्या धरून उभा होतो. शेवटी मुलगी खाली उतरली, ते निळं बेअरिंग तिनं हातात घेतलं, फिरवून पाहिलं. ते फिरेना. त्यानंतर ती मुहूर्ताबद्दल बोलली नाही. बापाच्या शेजारी उकिडवी बसून एकेक चकती त्यांच्या हातात देत राहिली.

बासरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि रांग कुठं सुरू होते ते दिसत नव्हतं. दुपारचा क्रमांक मिळाला. घर एका लिंबाच्या सावलीला लावलं. समोरच्या रांगेत कडेवर लेकरं घेतलेल्या बायका सकाळपासून उभ्या होत्या. त्यांतली एक पोटुशी बाई अक्काच्या जवळ आली आणि तेलुगुत हळूच काहीतरी म्हणाली. अक्काला फारसं तेलुगु येत नाही, पण हे तिला कळलं. तिनं दार उघडून दिलं. ती बाई बाहेर आली तेव्हा दुसरी उभी होती, मग तिसरी, मग म्हातारी सासू घेऊन चौथी. थोड्या वेळात सरस्वतीच्या रांगेसारखी एक लहान रांग आमच्या दारालाही लागली. घाईत कुणी चपला काढल्या, कुणी नाही. घासून घासून आरसा केलेल्या त्या जमिनीवर बासरची माती उमटत चालली.

साडभाऊ जीपला टेकून ते पाहत होते. अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता चपलांचा नियम निघणार. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं, दोन कॅन उचलले आणि मला म्हणाले, "चला मास्तर, पानी सरून राह्यलं." नळ लांब होता. आम्ही किती खेपा केल्या ते मी मोजलं नाही. माझे खांदे दोन दिवस बोलत होते. परत येताना प्रत्येक वेळी अक्का दिसायची, दारात स्टुलावर बसलेली, हातात तांब्या. जी बाई बाहेर येईल तिला ती म्हणायची, "पानी पी बाई आधी. पोटभर पी. लागलं तं पुन्हा ये." भाषा कुणाला कळो न कळो. साडभाऊ कॅन टेकवून क्षणभर थांबायचे, ते ऐकायचे, आणि पुन्हा नळाकडं वळायचे. त्यांचा सदरा घामानं चिकटला होता आणि तोंडावर असा भाव होता की, तीस वर्षांच्या दुकानदारीत मी तो एकदाही पाहिला नव्हता.

नातीनं दुपारी तांदळात श्री काढला. जरा वाकडा आला, पण आला.

या वर्षी डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. नजर अंधूक झाली आहे, औषधानं आणखी बिघडायची थांबेल, गेलेली परत येणार नाही. त्यांनी ते मला फोनवर सांगितलं, मधेच खिडकीच्या नव्या जाळीबद्दल बोलले, आणि फोन ठेवला. मला वाटलं घर आता अंगणातच राहणार. पण मुलगी हैद्राबादहून आली आणि म्हणाली, मला शिकवा. मागं घर लावलेली जीप उलटी घेणं भल्याभल्यांना जमत नाही. चाक डावीकडं फिरवावं तर घर उजवीकडं जातं. आठ दिवस रिकाम्या शेतात बापलेकीचं शिक्षण चाललं होतं. साडभाऊ ओरडत नाहीत. फक्त "पुन्हा" म्हणतात. अक्का सांगते, आठ दिवसांत तिनं दुसरा शब्द ऐकला नाही.

परवा सगळे आमच्याकडं निर्मलला आले. आमची गल्ली अरुंद, एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला भिंत. मुलगी खाली उतरून जागा पाहून गेली. साडभाऊ मागं जाऊन उभे राहिले, उजवा हात वर करून, खुणेसाठी तयार. तिनं आरशात पाहिलं, घर हळूहळू वळवलं आणि एका दमात भिंतीलगत आणून उभं केलं. त्या सगळ्या वेळात तिला खूण लागलीच नाही. शेजारीपाजारी बाहेर आले होते, कुणीतरी वाहवा म्हणालं. साडभावांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी सावकाश खाली आणला, आणि तिकडं पाहतच मला म्हणाले, "माझ्याहून बरं जमते तिले."

"तुमीच शिकवलं," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. सगळे आत गेले, चहा झाला, कुणीतरी त्यांनाही हाक मारली. ते मात्र थोडा वेळ तिथंच, गल्लीत, हात मागं बांधून उभे होते.