दिवाणखान्यातला कॅमेरा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण मुर्धा गावातल्या त्या घरातली तक्रार अजून जशीच्या तशी लक्षात आहे. खून नाही, दरोडा नाही. तरीही ती आठवली की मला आजसुद्धा राग येतो.

मी तेव्हा भाईंदरच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका वयस्कर गृहस्थांना माझ्याकडे आणलं. जुने जमीनदार, गावात मान. भावांच्या सामाईक जमिनीवर एका दलालाचा डोळा होता. घरी कोण आलं, कोण किती वेळ बसलं, कपाटातून कागद कधी काढले, हे सगळं त्याला कळायचं आणि लगेच धमकावणीचा फोन यायचा.

"कोणावर संशय?" मी विचारलं.

"सूनबायवर. मुंबईची हाय, हापिसात जाते, बाहेर बोलते. तिला जरा दम द्या, साहेब. न्हायतर मी तिला म्हायेरी धाडतो. पोरगी आमच्याकडंच ऱ्हाईल."

म्हणजे तिचं घर जाणार, लेकही जाणार. नवरा जहाजावर, हजारो मैल दूर. दम द्यायचं काम मात्र पोलिसांकडे!

महिला अंमलदारासमोर मी सुनेचा जबाब नोंदवला. शांत बाई. रडली नाही. "सर, मी कोणाशीही बोललेली नाही. हेच घरी शंभर वेळा सांगितलंय. याहून वेगळं काय सांगू?"

अनुभवाने सांगतो, खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीत भर घालतो. तिने एक शब्द वाढवला नाही. पण माझं मत म्हणजे पुरावा नव्हे.

मग दलालाला चौकशीला बोलावलं. सोन्याचं कडं, गोड बोलणं. "साहेब, धंदा आहे, आपलं पण नेटवर्क असतं ना. काकांनी परवा दुसऱ्या पार्टीला होकार दिला, घरात पेढे वाटले. मला सगळं कळतं!"

मी त्याला चहा पाजून परत पाठवला आणि त्या गृहस्थांना फोन लावला. पेढे कसले?

"नात चित्रकलेच्या परीक्षेला पास झाली, त्याचे. सूनबायनंच आणले."

मी खुर्चीत सरळ बसलो. पेढे जिने आणले तिने खबर दिली असती, तर दलालाला ते कशाचे हेही कळलं असतं. खबर देणाऱ्याला पेढे दिसले होते, बोलणं ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी मी साध्या कपड्यांत त्या घराच्या दाराशी गेलो. कोण कुठून बघतंय हे कळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नव्हतं. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर एक कॅमेरा होता.

"त्यो पोरासाठी. जहाजावरून बघतो आमाला," गृहस्थ म्हणाले.

"आवाज जातो का?"

"न्हाय. नुसतं दिसतं."

"पासवर्ड कोणी ठेवला?"

"कॅमेरेवाल्यानं. त्यानं इचारलं, काय ठेवू? मी बोल्लो, तुज्या मनाला येल त्यो ठेव. आमाला काय कळतंय त्यातलं?"

घराच्या दाराची किल्ली आपण सुताराकडे ठेवत नाही. कॅमेऱ्याची मात्र खुशाल लावणाऱ्याकडे ठेवतो.

आमच्या सायबर कक्षातल्या सहकाऱ्याने मला समजावलं. घरातला राऊटर एरवी बाहेरच्याला आत येऊ देत नाही. मुलाला जहाजावरून पाहता यावं म्हणून लावणाऱ्याने त्यात एक वाट मोकळी करून दिली होती. पासवर्ड माहीत असलेला कोणीही त्याच वाटेने आत डोकावू शकत होता.

आम्ही सापळा लावला. सुनेला ठाण्यात माझ्यासमोर बसवलं, तिचा मोबाईल माझ्या टेबलावर. तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिकडे आमचे एक उपनिरीक्षक, पोट पुढे असल्याने बिल्डर म्हणून सहज खपणारे, काखेत कागदाची गुंडाळी घेऊन त्या घरी गेले. कॅमेऱ्यासमोर त्यांनी ती उलगडली, बोट फिरवलं, मान डोलावली, हात मिळवला. ते एक जुनं कॅलेंडर होतं.

सुनेसमोरचा चहा निवायच्या आत तिकडे गृहस्थांचा फोन वाजला. दलालच होता. "काका, नकाशा उघडून कोणाला दाखवताय? महागात पडेल हां!"

दलालाला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. कॅमेरेवाला त्याच्याही ऑफिसचं काम करायचा, त्यानेच पासवर्ड दिला होता. दोघांवर गुन्हा दाखल झाला. राऊटरमधली ती वाट बंद करून घेतली आणि नवा पासवर्ड सुनेने स्वतः ठेवला.

गृहस्थ तिला न्यायला ठाण्यात आले. "चल गो, घरी. चुकलं आमचं."

ती उठली. आवाज चढला नाही. "बाबा, त्या माणसाला नुसतं दिसत होतं. तुम्हाला तर मी बोललेलं ऐकूही येत होतं ना?"

मला नमस्कार करून ती पुढे निघाली, ते मागून गेले.

पुढे निवृत्त होईपर्यंत घरातल्याच माणसावर संशय घेऊन कोणी आलं की अर्ज हातात घेण्याआधी मी एकच गोष्ट विचारायचो. यावर तिचं किंवा त्याचं म्हणणं काय, ते त्यांच्याच शब्दांत सांगा. बहुतेकांना ते आठवत नसे.