हिरवं होणारं बटण

आमच्या कंपनीत पुण्याहून आर्किटेक्ट आला त्या दिवशी सरांनी सगळ्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि समोसे मागवले. आर्किटेक्ट म्हणजे घरं बांधणारा नव्हे. आमच्या धंद्यात जो स्वतः फारसं लिहीत नाही आणि इतरांनी लिहिलेलं पाडायला सांगतो, त्याला आर्किटेक्ट म्हणतात. वय असेल अठ्ठावीस. लॅपटॉपच्या झाकणावर इतके स्टिकर, की मूळ रंग कोणता ते कळू नये. त्यानं पहिल्याच वाक्यात माझ्या बारा वर्षांच्या कामाला 'लेगसी', म्हणजे कालबाह्य, म्हटलं आणि समोशाचं टोक मोडून चटणीत बुडवलं. मी त्याचा तिथंच तिरस्कार करायला लागले. उशीर कशाला करायचा?

जालना रोडवरच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून बारा वर्षं मी वेबसाइट लिहीत होते. फर्दापूरची गेस्ट हाउसं, वाळूजचे सुटे भाग करणारे कारखाने, शहरातली दोन-तीन कॉलेजं. सगळी साधी पानं. कुणी पान मागितलं की सर्व्हर ते पूर्ण तयार करून पाठवायचा, फोनला फक्त दाखवायचं काम. अर्ज भरून बटण दाबलं की ब्राउझर तो आपला आपण सर्व्हरकडे पोचवायचा आणि सर्व्हर उलट दुसरं पान धाडायचा: अर्ज मिळाला, तुमचा क्रमांक अमुक. दिसायला ती पानं तहसील कचेरीच्या भिंतीइतकी देखणी होती, हे मी कबूल करते. पण चालायची. सिल्लोडच्या बाजारात, कन्नडच्या घाटात, काच फुटलेल्या फोनवरसुद्धा चालायची.

त्यातलं एक काम मला जवळचं होतं. वाळूजला एका ट्रस्टचं मुलींसाठी प्रशिक्षण केंद्र आहे. कारखान्यातली यंत्रं चालवायला शिकवतात, राहण्याजेवणाची सोय करतात आणि कोर्स पुरा झाला की बहुतेकींना तिथल्याच एखाद्या प्लान्टमध्ये नोकरी लागते. जागा थोड्या, वयाची अट कडक. अर्ज वेबसाइटवरूनच करायचा आणि आधी आलेल्या ठरावीक अर्जांनाच परीक्षेला बोलावणं. म्हणजे अर्ज सुरू होतात त्या सकाळी गावोगावच्या मुली फोन घेऊन नेटवर्क शोधत गच्चीवर चढलेल्या असतात. त्यांचं पान मी लिहिलं होतं.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी कुठल्याशा परिषदेत कुणाची तरी चकचकीत वेबसाइट पाहिली आणि त्यांना आपली जुनी वाटायला लागली. सरांना तेवढंच हवं होतं. आर्किटेक्टनं माझं पान फेकून दिलं आणि नवी पद्धत आणली. ती समजायला फार अक्कल लागत नाही. मी पाहुण्याला ताट वाढून द्यायचे, हा त्याच्या हातात शिधा द्यायचा. कणीक, डाळ, तिखटमीठ सगळं आहे, आता तुमच्या फोनवर तुम्ही रांधा. चांगला फोन आणि दणदणीत नेटवर्क असेल तर स्वयंपाक इतका झटपट होतो, की बघणारा खूश होऊन जातो. सरांच्या केबिनमध्ये दोन्ही होतं. अध्यक्ष खूश झाले. पानं सरकत होती, उमलत होती, विरघळत होती. अर्ज कुठं भरायचा ते शोधायला अध्यक्षांना थोडा वेळ लागला, पण ते कुणी बोललं नाही.

आठवडाभरात केंद्रातून फोन यायला लागले. माहितीचं पान उघडलं की फोनवर नुसता पांढरा पडदा दिसतो. शिवाय गूगलवर शोधलं तर केंद्र सापडत नाही. सापडेल कसं? पानं वाचायला येणाऱ्या गूगललाही याची शिध्याची पिशवीच मिळत होती. सरांनी बैठक घेतली. आर्किटेक्ट खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "सोल्युशन सिंपल आहे. सर्व्हर-साइड रेंडरिंग."

म्हणजे काय, तर सर्व्हरनं पान तयार करून पाठवायचं.

मी मोठ्यानं हसले. सरांनी डोळे वटारले. मी म्हटलं, "सर, बारा वर्षं मी दुसरं काय करत होते?"

"नाही मॅडम, हे वेगळं आहे," तो वर्गातल्या मठ्ठ मुलीला सांगावं तशा आवाजात म्हणाला. "हे मॉडर्न आहे."

वेगळं होतं, त्यात त्याचं खोटं नव्हतं. माझं पान आलं म्हणजे आलं. त्याचं पान आधी नुसतं दिसायला यायचं आणि त्याला जिवंत करणारा सगळा पसारा मागून यायचा. थोडक्यात, आधी वाढलेल्या ताटाचा फोटो दाखवायचा आणि शिधा मागच्या टेम्पोनं पाठवायचा. त्या जिवंत करण्याला हे लोक हायड्रेशन म्हणतात, म्हणजे पाणी पाजणं. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, पानं मात्र दर सेकंदाला पाणी पिणार! पाणी पोचेपर्यंत ते पान मेलेलं असतं. दिसतं सगळं. नाव लिहिता येतं, गाव लिहिता येतं. फक्त बटण दाबलं तर काही होत नाही.

काही होत नाही असंही नाही. बटण हिरवं होतं. ही आर्किटेक्टची खास हौस. बोट लागलं की निळं बटण हिरवं व्हायचं आणि तसंच राहायचं. रंग हा पानाच्या सजावटीचा भाग, तो पहिल्या खेपेलाच येतो, त्याला मागच्या टेम्पोची वाट बघावी लागत नाही. म्हणजे पान मेलेलं असलं तरी बटण हिरवं. आणि अर्ज पोचल्यावर पानावरच क्रमांक दाखवायची माझी पद्धत त्याला जुनाट वाटली म्हणून त्यानं ती काढली. आता क्रमांक दोन दिवसांत एसएमएसनं येणार होता.

हे मला आधी माहीत होतं. इथून पुढचं सांगताना माझी जीभ जरा जड होते, पण सांगते.

अर्ज सुरू व्हायच्या चार दिवस आधी मी एका गेस्ट हाउसच्या कामासाठी फर्दापूरला गेले होते. दुपारी ढाब्यावर शेवभाजी सांगितली आणि ती येईपर्यंत सहज नवं पान उघडलं. नेटवर्कची एकच काडी. पान लगेच दिसलं. खोटं नाव, खोटं गाव भरलं, बटण दाबलं. हिरवं झालं. परत दाबलं, हिरवंच. भाजी आली, रस्सा निवला, मी दाबत होते. मग लॅपटॉप काढून सर्व्हरची नोंद पाहिली. पान मागितल्याची ओळ होती. अर्ज आल्याची नव्हती.

परत आल्यावर मी आर्किटेक्टला सांगितलं. त्यानं माझ्या फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "किती जुना आहे हा, मॅडम?"

"चार वर्षं."

"हां. एज केस आहे. लाखात एखाद्यालाच होतं." आणि त्यानं हेडफोन कानाला लावले.

आमच्याकडे वेबसाइट सुरू करण्याआधी एक तपासणीचा तक्ता भरावा लागतो. प्रत्येक ओळीपुढं तपासणाऱ्यानं लिहायचं, खाली नाव टाकायचं. तपासणी माझ्याकडे होती. 'कमी नेटवर्कवर अर्ज' ही ओळ आली तेव्हा मी थांबले. तिथं 'नापास' लिहिलं असतं तर सरांना काम थांबवावं लागलं असतं, तो आमचा नियमच होता. मी 'ओके' लिहिलं.

घाबरून लिहिलं असतं तर आज मला बरं वाटलं असतं. मी रागानं लिहिलं. मला एज केस म्हणतो काय? पडू दे तोंडावर, अध्यक्षांसमोर, सरांसमोर, त्या स्टिकरांसकट. मग सगळे माझ्या टेबलापाशी येतील आणि म्हणतील, मॅडम, तुमचंच बरं होतं. मी ते दृश्य मनात इतक्या वेळा रंगवलं होतं, की कुणी काय बोलेल तेही ठरलेलं होतं.

तो पडला नाही. असले लोक पडतच नाहीत. अर्ज सुरू झाले, पान कुठंच पांढरं पडलं नाही, सरांनी पेढे वाटले. गेल्या वर्षीपेक्षा अर्ज कमी आले, हे केंद्र चालवणाऱ्या बाईंनी कळवलं तेव्हा आर्किटेक्ट म्हणाला, आता सिरीयस उमेदवारच येत आहेत. सरांनी मान डोलावली. मीही तोंड मिटून बसले, अजून पडायची वाट बघत.

मग परीक्षेला बोलावलेल्या मुलींची यादी लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी तिच्या वडिलांना घेऊन आमच्या ऑफिसात आली. वडील सिल्लोडला शिलाईकाम करायचे, गळ्यात अजून मापाची टेप होती. केंद्रानं त्यांना वेबसाइटवाल्यांना विचारा म्हणून धाडलं होतं. आर्किटेक्ट त्या दिवशी घरून काम करत होता. सर बाहेर आले, दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, "मॅडम बघतील." म्हणाले आणि गेले नाहीत, माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

"ताई, माझा फॉर्म गेला होता," मुलगी म्हणाली. "नऊ वाजता सुरू झाला, नऊ वाजताच भरला. मेसेज येईल म्हून वाट पाहिली, आलाच नाय. फोटो काढून ठेवलाय." तिनं फोन पुढं केला. काचेला कोपऱ्यात तडा होता. दुसऱ्या फोननं काढलेला तो फोटो: तिचं नाव, तिचं गाव, खाली हिरवं बटण. "हे बघा, हिरवं झालं होतं. हिरवं झालं म्हंजे गेला ना?"

"बच्ची ने मेरे सामने बैठ के भरी मॅडम," वडील म्हणाले. "मैं खुद देखा."

मी सर्व्हरची नोंद उघडली. ती बघायची काही गरज नव्हती. नऊ वाजून दोन मिनिटांनी सिल्लोडहून पान मागितलं गेलं होतं. अर्ज आला नव्हता. माझ्या जुन्या पानावर तो आला असता, पहिल्या पन्नासांत. अशा आणखी ओळी होत्या, पान मागितलेल्या आणि पुढं काही नसलेल्या. किती, ते मी मोजलं नाही.

"अर्ज आमच्याकडे आलेला नाही," मी म्हणाले. वाक्य अगदी खरं होतं.

"पुढच्या साली भरता येईल ना?" वडिलांनी विचारलं.

"पुढच्या साली वय बसत नाय, अब्बा. घरीच तर सांगितलं," मुलगी म्हणाली. ती रडली नाही. फोटो बोटांनी मोठा केला, परत लहान केला. कुणी काही सांगेल म्हणून तिनं सरांकडे पाहिलं. सर घड्याळ बघत होते.

ते बटण पुढं मी दुरुस्त केलं. पान मेलेलं असलं तरी ब्राउझरनं जुन्या पद्धतीनं अर्ज पोचवावा एवढंच करायचं होतं, अर्ध्या तासाचं काम. हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्याचा त्या मुलीला काही उपयोग झाला नाही. आर्किटेक्ट बंगलोरला मोठ्या कंपनीत गेला. त्याच्या निरोपालाही समोसे होते.

त्या सकाळी मला काय करता आलं असतं? तो तक्ता उघडून सरांना दाखवता आला असता. केंद्राच्या बाईंना फोन करून सांगता आलं असतं, की मुलीचं खरं आहे, आमचं पान बिघडलेलं होतं आणि मला ते माहीत होतं. परीक्षेला अजून पाच दिवस होते, बाई भल्या होत्या, एक खुर्ची वाढवली असती. पण तक्त्याखाली माझं नाव होतं, आणि सर माझ्या मागं उभे होते. मला लाज वाटली आणि लाजेच्या वरताण भीती वाटली. इतके महिने मी ज्यांना तुच्छ लेखत होते त्यांच्यातलं कुणीही माझ्याइतकं जाणून गप्प बसलेलं नव्हतं. त्यांना निदान कळत तरी नव्हतं.

मुलीनं फोन पिशवीत टाकला. उठता उठता ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमच्या फोनवर नाय झालं का कधी असं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग माझ्याकूनच काय तरी चुकलं असंल," ती म्हणाली. "माफ करा, तुमचा लई टाइम घेतला."

मी म्हणाले, "असू दे. होतं असं."