मोराच्या पंखावरलं ताट

दिपाली दहावीत गेली तसं सिंधुताईनं तिचं आंदण जमवाले घेतलं. दिवाळीचा बोनस आला का एखादी परात, एखादा गंज, चार ताटं. दुकानातच मशीननं नाव कोरून घ्यायची, 'दिपाली'. नाव कोरल्याबिगर भांडं आपलं होत नाही, हे तिच्या मायनं शिकवलेलं. पुढं लग्न ठरलं, अन् हळदीच्या तोंडावर पोरगी तापानं गेली. भांडी पेटीत राहिली.

सिंधुताई रोज पेटी उघडे, ताटं पुसे, परत ठेवे. नवरा तेजराम स्टील प्लांटमधी फर्नेसपाशी जिंदगी काढलेला गडी, पण त्या ताटांचा खणखणाट त्याले सोसेना. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर 10मधी, भंगार मागत गाडी आली. चौकात भंगाराचा मोर बनणार, शहराची शान होणार म्हणे. सिंधुताई कुरुदले बहिणीकडे गेलेली. तेजरामनं पेटीच गाडीत रिकामी केली. वाटलं, भांडी गेली का रडणंबी जाईल.

रडणं गेलं. त्याच्याशी बोलणंबी गेलं.

मोर उभा झाला. पंखात खालच्या रांगेले एक ताट, त्यावर नाव. सिंधुताई रोज सकाळी फडकं घेऊन चौकात.

"काकी, छूना मना है," पहारेकरी भूपेंद्र म्हणे.

"छूत नाही बापा, पुसून राहिली. पोट्टे मोराच्या मानेवर चढून फोटो काढून राहिले, त्याइले सांग ना."

एका रात्री जेवताना ती नवऱ्याले बोलली, "अवो, तेवढं एक ताट आणून द्या. बाकी मोर राहू द्या लोकाइले."

इतक्या दिवसांनी बोलली म्हणून तेजराम हरखला. मोर बसवणाऱ्या ऑफिसात जाऊन हात जोडले, "साहेब, माह्या पोरीचं नाव हाय त्याच्यावर."

"नाव?" साहेब खुर्चीत सरळ झाला. "सरकारी मोरावर घरचं नाव कसं चालेल, दादाजी? बरं झालं सांगितलं."

दोन-चार दिवसांनी मोर हिरवागार. सिंधुताईनं ताटावर बोट फिरवलं. नाव लागेना. तेजरामनं खिशातली चाबी काढून रंग खरवडला. भूपेंद्रनं पाठ फिरवली.

रंगाखाली स्टील गुळगुळीत. रंगाच्या आधी ग्राइंडर फिरवून नाव घासून टाकलेलं. तेजरामले ते पाहताच कळलं. तरी तो खरवडतच राहिला.

सिंधुताईनं फडक्याची घडी घातली.

"चाला घरी," म्हणाली. "भात टाकाचा हाय."