सहा महिन्यांचं ताक

माणसाला चेहऱ्यापेक्षा पोटावरून जास्त ओळखणारा इसम शहाद्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्यापासून दोन घरं सोडून राहत होता. पेन्शनीत निघालेले, एकटे, आमचे डॉक्टर. नमस्कार केला की ते विचारत, "काडेपेटी आणलीत?" रिकाम्या काडेपेट्या ते घरोघर वाटत, त्यांत आपल्या शौचाचा नमुना घालून परत करायच्या. एका लग्नात तर पंगत उठताना त्यांनी पानसुपारीच्या तबकातच काडेपेट्या मांडल्या. तेव्हापासून त्यांना आमंत्रणं येईनाशी झाली.

मग ते पिंजाऱ्याकडे जाऊन बसू लागले. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात, म्हणजे दोरी, बकऱ्याच्या आतड्याची. ती बोटानं छेडून ते म्हणत, "ऐका! आतड्याच्या भिंतीत हेच चिवट तंतूंचं जाळं असतं. वाईट जंतू ते पोखरतात, दह्यातले जंतू त्याची राखण करतात." पिंजारी ओरडे, "डाक्टरसाहेब, हात लावू नका! तात तुटनी ते मन्हं पोट कोन भरी?"

दह्यातले जंतू माणसाच्या पोटात कायमची वस्ती करतात, एवढं त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहायचं होतं. रोज ताक पिणारा माणूस हवा होता. उरलो मी, शाळामास्तर. रोज सकाळी ते तांब्या घेऊन दारात हजर. ताक असं आंबट, की वासानंच दात शिवशिवत. "आत जाऊन घेतो," म्हणायचो, आणि परसातल्या शेवग्याच्या बुंध्यात ओतून, मिशा पुसत बाहेर यायचो. बायको म्हणे, "त्यासले सांगी टाका ना एकदाव!" नाही सांगितलं. काडेपेटी मात्र दर आठवड्याला न चुकता देत होतो; लबाडी तेवढी ताकापुरती.

सहा महिन्यांनी त्यांनी मला समोर बसवलं. "एकाही नमुन्यात दह्यातला जंतू नाही. मास्तर, रोज घेतलंत ना?"

"रोज," मी म्हणालो.

"मग मीच चुकीचं धरून बसलो इतकी वर्षं." त्यांनी सूक्ष्मदर्शक पुसला, पेटीत ठेवला. मी उठलो तेव्हा म्हणाले, "ताक आता नाही. पण येत जा अधूनमधून."

खरंच प्यालो असतो तर जंतू दिसले असते का, मला ठाऊक नाही. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर मी त्यांच्याकडे कधी गेलो नाही, एवढं खरं. गेलो असतो तर ताकाचं सांगावं लागलं असतं, म्हणून शाळेला मागच्या गल्लीनं जाऊ लागलो. वळणावरून ते ओट्यावर एकटेच बसलेले दिसत. एकदा त्यांनी मला पाहून हात वर केला. काही विसरल्यासारखं करून मी माघारी वळलो.