मिर्तीचा दुसरा भाऊ

मिर्ती धुणं धुणाऱ्यांच्या घरातली. ट्रॉयच्या तटाबाहेर दोन झरे अगदी शेजारी शेजारी फुटतात, एक कोमट आणि एक हात बधिर करणारा गार. तिथल्या दगडी कुंडांवर तिच्या आईची जागा पिढीजात होती. मिर्ती चालायला शिकली ती कुंडाचा कठडा धरून. पुढे तिचं लग्न झालं, नानिया नावाची मुलगी झाली, नवरा तापाने गेला आणि ती पुन्हा आईजवळ येऊन राहिली. घरात आई, नानिया, ती आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा भाऊ तार्विस.

परक्या राजाची राणी आपल्या राजपुत्राने पळवून आणली, की ती आपल्या पायांनी आली, यावर तेव्हा कुंडावर बायकांची कडाक्याची भांडणं व्हायची. मग एके सकाळी समुद्र जहाजांनी काळा झाला आणि भांडणं तिथेच थांबली. ग्रीकांना आमच्याकडे कुणी ग्रीक म्हणत नसे, जहाजवाले म्हणत. जहाजवाल्यांनी किनाऱ्यावर तळ ठोकला, वेशी बंद झाल्या आणि कुंडं तटाबाहेर राहिली. नऊ वर्षं मिर्तीने तटावरून नुसती बघितली ती. आत विहिरीच्या मोजक्या पाण्यात, राखेत उकळून, ती जखमी शिपायांच्या पट्ट्या धूत असे. तार्विस गोफण घेऊन तटावर जाई, संध्याकाळी परत येई आणि आल्या आल्या म्हणे, "ताई, भूक."

नवव्या वर्षी एका मोठ्या लढाईनंतर तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी तह झाला, एका दिवसापुरता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कुणी हत्यार उचलायचं नाही, दोन्हीकडच्यांनी आपापले मेलेले उचलून जाळायचे. आमच्या म्हाताऱ्या राजाने वर आज्ञा काढली की कुणी मोठ्याने रडायचं नाही. मैदानात चिखल आणि रक्त असं माखलेलं, की तोंड धुतल्याशिवाय आपला कोण आणि त्यांचा कोण, कळेना. म्हणून धुणाऱ्या बायकांना बोलावणं आलं.

दुपारपर्यंत मिर्तीने चाळीसेक चेहरे धुतले. तार्विस त्यांत नव्हता. बादली भरायला ती झऱ्यावर आली, तर तिच्या आईच्या जागेवर एक पांढऱ्या दाढीचा जहाजवाला वाकून पखाल भरत होता.

"ही जागा तुझी वाटतं?" त्याने आमच्या भाषेत विचारलं. नऊ वर्षांत शिकला असावा. "बघतेस अशी, जशी काय मी चुलीत पाय घातलाय."

"आईची आहे."

"मग सरकतो." आणि खरंच सरकला. "कुणाला शोधतेस?"

"भावाला. अंगाने बारीक आहे. उजव्या खांद्यावर भाजल्याचा डाग."

तो उठला. पखाल खांद्यावर टाकून नदीकडे गेला आणि थोड्या वेळाने तिथूनच हाताने तिला बोलावू लागला. मिर्ती धावली. झाऊच्या झुडपाखाली एक माणूस पडला होता. चिलखत कुणी तरी काढून नेलेलं, जबडा मोडलेला, तोंड सुजून भोपळा झालेलं, मांडीत आरपार जखम. पण छाती वरखाली होत होती.

"हा बघ तुझा भाऊ," म्हातारा म्हणाला.

मिर्तीने खांदा बघितला. डाग नव्हता. तिने त्याचा तळहात उलटा केला, तर बोटांच्या मुळाशी वल्ह्याने पडलेले घट्टे, चामड्यासारखे. तार्विसने जन्मात वल्हं धरलं नव्हतं.

"हा माझा नाही. हा तुमचा आहे."

"तुझाच आहे," म्हातारा दुसरीकडे बघत म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, "बाई, आमच्याकडे वैद्य दोन आणि सरदार पन्नास. हा वल्हं मारणारा. तीन दिवस इथे पडलाय, कुणी विचारलं नाही. मी नेला तर याला मेलेल्यांतच टाकतील, कारण संध्याकाळपर्यंत हा मरेलच असं त्यांना वाटेल. तू नेलास तर काय होईल, मला ठाऊक नाही."

"आणि मारला आमच्या लोकांनी तर?"

"म्हटलं ना, ठाऊक नाही. तेवढंच याच्या नशिबी आज चांगलं आहे."

मिर्ती उभी राहिली. कुठेतरी याच मैदानात तिचा भाऊ असाच पडला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि कुणी त्याच्यापाशी थांबलं असेल का, असंही आलं. ती खाली बसली. चिंधी बादलीत बुडवून तिने त्या माणसाच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडलं. त्याने घुटका गिळला. मग विचार करायला काही उरलंच नाही.

म्हाताऱ्याने त्याला उचलून मेलेले न्यायच्या गाडीवर ठेवायला हात लावला. त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मिर्तीला जन्मभर चुटपुट लागली. प्रार्थना करताना ती त्याला "तो सरकलेला माणूस" म्हणायची आणि देवांना म्हणायची, तुम्हाला कळलंच असेल कोण ते.

वेशीवरच्या पहारेकऱ्याने गाडी अडवली. "हा तर जिता आहे! कोण?"

"माझा भाऊ. तार्विस."

आईला डोळ्यांनी फारसं दिसत नसे. मिर्तीने तिला सांगितलं, "आई, तार्विस मिळाला." म्हातारीने हात फिरवायला सुरुवात केली. केस, कान, मान. उजव्या खांद्यावर हात आला आणि तिथेच थांबला. बराच वेळ थांबला.

"मिर्ते," आई म्हणाली, "जेवतो का बघ हा. जेवत असेल तर आपलाच."

मग ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि राजाची आज्ञा होती म्हणून आवाज न करता रडली.

दोन महिने त्याला बोरूच्या नळीने सातूची पेज पाजली. शेजारी हुल्ला नावाची कुंभारीण राहायची. नवरा लढाईत गेलेला, जीभ मात्र जागच्या जागी. तिने एकदा आत डोकावून बघितलं.

"काय गं, तुझा भाऊ रणात जाऊन उंच होऊन आला वाटतं?"

"मार बसला की अंग सुजतं, हुल्ला."

"लांबीने सुजतं?"

"तुझी जीभ नाही का वाढत रोज?"

हुल्ला हसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मात्र एक मडकंभर मध आणून ठेवून गेली, न बोलता.

त्याला पहिला शब्द फुटला तो हिवाळ्यात. मोडक्या जबड्यामुळे बोलणं असं बोबडं झालेलं, की तो कुठल्या गावचा हे त्यावरून कुणाला ओळखताच आलं नसतं. त्याने विचारलं, "का?"

"पाणी प्यायलास म्हणून," मिर्ती म्हणाली.

त्याचं नाव तेल्लिस. सिमी नावाच्या लहानशा बेटावरचा. समुद्रात बुड्या मारून स्पंज काढायचा. बेटावरून तीन जहाजं निघाली, त्यांतल्या एकावर हा वल्ह्याला बसला. "पण मला तार्विसच म्हणा," तो म्हणाला. "तेल्लिसला माझ्या लोकांनी केव्हाच जाळलं असेल." त्याचा पाय लंगडा झाला होता, म्हणून तटावर चल असं कुणी म्हटलं नाही. तो विहिरीचं पाणी ओढी, मिर्तीबरोबर पट्ट्या धुई, नानियाला गाठी मारायला शिकवी. नानिया त्याला मामा म्हणे. आईच्या हाताशी तो रोज संध्याकाळी येऊन बसे आणि म्हणे, "आई, भूक." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दहाव्या वर्षी जहाजवाले निघून गेले आणि किनाऱ्यावर देवाला वाहिलेला तो लाकडी घोडा उभा राहिला. सगळं गाव नाचत होतं. घोडा वेशीतून आत ओढला गेला तेव्हा तेल्लिसही बघायला गेला आणि पांढराफटक होऊन घरी आला.

"ताई, त्या फळ्या जहाजाच्या आहेत. जहाज मोडून कुणी देवाला खेळणं करत नाही. परत जायचं असतं ना माणसाला. हे गेलेच नाहीत."

तो पहारेकऱ्याला सांगायलाही गेला. पहारेकरी पोट धरून हसला. "तुझ्या तोंडातून एक शब्द निघेपर्यंत दिवस मावळतो, तार्विस. जा, पी जरा. युद्ध संपलं."

घरी येऊन तेल्लिस म्हणाला, "आज पायांतल्या चपला काढू नका."

त्या रात्री काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. मिर्तीच्या घराला आग लागायच्या आधीच तेल्लिसने आईला पाठुंगळी घेतलं होतं. मिर्तीने नानियाचा हात धरला. गल्लीत हुल्ला अनवाणी उभी होती, तिलाही ओढलं. वेशीपाशी भाले घेतलेले चौघे आडवे आले, आणि ज्या माणसाला "भाकर" म्हणायला घाम फुटे, त्याने आपल्या भाषेत असं काही गर्जून सांगितलं की भाले बाजूला झाले.

उजाडलं तेव्हा ते इडा डोंगराच्या पायथ्याशी होते. "काय सांगितलंस त्यांना?" मिर्तीने विचारलं.

"म्हटलं, या माझ्या वाटणीच्या बायका आहेत. हात लावलात तर सिमीची पोरं तुमची आतडी दोरीवर वाळत घालतील. मग एक शिवी दिली."

"कसली?"

"ती आईसमोर सांगण्यासारखी नाही."

पाठीवरची म्हातारी म्हणाली, "मला समजली. चांगली होती."

डोंगरातच आई दोन वर्षांनी शांतपणे गेली. सहा हिवाळे धनगरांच्या आश्रयाने काढून जे उरलेसुरले होते ते खाली परतले. जळक्या भिंतींना टेकवून झोपड्या घातल्या. तेल्लिसने मिर्तीला विचारलंही नाही, थेट कुंडांतला गाळ उपसायला लागला. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तळाचा दगड दिसला, पाणी निवळलं आणि मिर्ती पाण्यात पाय सोडून बसली. बायकांनी हाका मारल्या तरी दुपारपर्यंत उठली नाही.

हुल्लाशी त्याने लग्न केलं तेही त्याच वर्षी. मिर्तीने भीतभीत तिला सांगायला घेतलं, "हुल्ला, तो माझा भाऊ नाही..."

"अगं, मला पहिल्या दिवशी कळलं होतं. तेव्हापासून तोंड शिवून बसलेय. माझ्यासारख्या बाईला केवढा जाच झाला असेल, त्याचा कधी विचार केलास?"

मिर्तीने तिला मिठी मारली. एका शब्दाने तिला त्याला वेशीवर टांगता आलं असतं, आणि ती मध ठेवून गेली होती.

मग एक व्यापारी जहाज आलं, सिमीजवळून जाणारं. मिर्ती म्हणाली, "जाऊन ये. तुझीही आई असेल." तो गेला आणि पुढच्या वसंतात स्पंजांचं पोतं घेऊन परत आला.

"आई गेली होती. घरात चुलतभाऊ. माझ्या नावाने टेकडीवर दगड लावलाय. मी त्यावर तेल ओतून आलो. म्हटलं, बिचारा तरुण गेला."

तो हसत होता, म्हणून मिर्तीही हसली.

त्यानंतर ती पुष्कळ जगली. नातवंडं बघितली. शेवटच्या हिवाळ्यात तिचे पाय गेले, तेव्हा तेल्लिस लंगडत येऊन रोज तिला मसुराचं कढण भरवी. एके दिवशी वाटी खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी तुझे आभार कधी मानले नाहीत."

"मानलेस की. इतकी वर्षं माझं धुणं वाहिलंस."

"ते काम झालं."

"आणि आईला पाठीवर घेतलंस. मीच तुझे आभार मानायची राहिलेय. सख्खा गेला, त्याचं दुःख गेलं नाही, पण घरात 'भूक' म्हणणारं कुणी तरी राहिलं. सगळ्या बायांना कुठे मिळालं ते?"

"तरी मला बोलायचंय."

"मग बोल बाबा."

तो बोलला, आपल्या बेटाच्या भाषेत, अडखळत, खूप वेळ. तिला त्यातलं निम्मंच कळलं. तिने त्याला मध्ये थांबवलं नाही.