प्रमुख पाहुण्यांसमोर मुलाचा सिनेमा

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर लोक आधी फुलं पाठवतात आणि मग, वेळ मिळाला तर, वाचतात. माझ्या मुलाचा छोटा सिनेमा आला तेव्हाही तेच झालं. "कुवेतच्या मराठी माणसांना अभिमान!" आणि खाली फुलांचा खच. सिनेमा शेवटपर्यंत कुणी पाहिला होता, देव जाणे.

मुलगा लंडनला शिकायला गेला आणि तिथलाच झाला. आता पासपोर्टही ब्रिटिश आहे. सुरुवातीची वर्षं त्याला टॅक्सीवाला, दुकानदार आणि बाँबवाल्याचा भाऊ एवढंच काम मिळायचं. एका मालिकेत तर तो पहिल्याच भागात मेला, तरी आम्ही ती संपेपर्यंत बघितली. मग तो रॅप करायला लागला. शेवटी वैतागून त्याने स्वतःच सिनेमा लिहिला, काढला आणि त्यात स्वतःच्या बापाचं काम केलं. सिनेमाच्या शेवटी त्याचंच रॅप. इंग्रजी, आणि इतकं भरभर की आमच्या वयाच्या माणसाला फक्त ठेका कळावा.

सेक्रेटरींनी जाहीर करून टाकलं की दिवाळीच्या कार्यक्रमात सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि आम्हा दोघांचा सत्कार प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते करायचा. प्रमुख पाहुणे म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कंपनीचे कुवेती साहेब. त्यांच्या जाहिरातीच्या पैशांवरच आमचा कार्यक्रम होतो. नवरा त्यांच्याकडे अकाउंट्समध्ये आहे. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, साहेबांच्या सहीवर चालतो आणि तो पुढच्या महिन्यात संपत होता. साठीला टेकलेल्या हिशेबनिसाला या देशात दुसरी नोकरी कोण देतो?

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. जेवणाच्या सुट्टीत मी ते रॅप वेग अर्धा करून ऐकलं. शाळेला सुट्टी असली की नवरा मुलाला कधीकधी ऑफिसात घेऊन जायचा. त्यातलाच एक दिवस गाण्यात होता. साहेबांनी पोराला खुर्ची दिली, चॉकलेट दिलं. बाप टेबलासमोर उभा राहून रजा मागत होता, कारण गावी त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. साहेब म्हणाले, वर्षअखेर आहे. बापाने पुन्हा मागितली. मग हात जोडले. साहेबांनी पोराला आणखी एक चॉकलेट दिलं. सिनेमातला रजेचा प्रसंग मी तोवर रचलेला समजत होते, पण त्यात साहेबांच्या मागे ससाण्याचा फोटोसुद्धा होता, त्यांच्या ऑफिसात आहे तसाच. आणि साहेब स्वतः लंडनला शिकलेले, त्यांना एकही शब्द अवघड जाणार नव्हता.

मला मात्र या घरात वेगळंच सांगितलं होतं. "ऑडिट आहे, मीच नको म्हटलं," असं नवरा तेव्हा म्हणाला होता. सासूबाई गेल्या आणि मी त्याला दगड म्हटलं होतं.

मी मुलाला फोन लावला. "तेवढं कडवं आणि तो रजेचा प्रसंग काढून दुसरी कॉपी पाठव."

"आई, ते काढलं तर उरतं काय?" तो इंग्रजीत म्हणाला.

"तुझ्या बापाची नोकरी उरते. तुझं काय जातंय तिकडे बसून बोलायला?"

"मी कुवेतमध्ये नाहीये म्हणूनच बोलता येतं," तो म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला आणि मी फोन ठेवून दिला.

सेक्रेटरींना म्हटलं, सिनेमा राहू द्या, लांबतो. ते हसले. "वहिनी, किती साध्या हो तुम्ही! असा मुलगा असता तर आम्ही गावभर मिरवलं असतं." खरं कारण सांगायची सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत ते आमच्या अख्ख्या अब्बासिया वस्तीला कळलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडीत मी शेवटी विचारलं, "अहो, ते गाणं तुम्ही नीट ऐकलंय का?"

"ऑफिसला जाताना रोज ऐकतो."

"मग मला खोटं का सांगितलंत तेव्हा?"

सिग्नल सुटला, त्याने गाडी पुढे काढली. "हात जोडले आणि तरी मिळाली नाही, हे कसं सांगायचं? त्यापेक्षा तू दगड म्हणालीस ते परवडलं."

"साहेबांना सगळं कळेल."

"कळू दे."

मला रडू येत होतं, पण हॉल आला होता आणि दारात अत्तर लावायला बायका उभ्या होत्या.

सिनेमा सुरू झाला. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या मानेकडे पाहत होते. रजेचा प्रसंग आला तेव्हा ती मान जराही हलली नाही. मग रॅप सुरू झालं आणि आमची मंडळी ठेक्यावर टाळ्या द्यायला लागली. बाप हात जोडतो त्या ओळीवर तर सेक्रेटरींनी शिट्टी मारली. मला उठून त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. साहेब एकटेच टाळ्या वाजवत नव्हते.

सत्काराला आम्ही वर गेलो. साहेबांनी नवऱ्याच्या खांद्यावर शाल घातली आणि हळूच इंग्रजीत विचारलं, "त्यातला तो माणूस मीच ना?"

मी शेजारीच होते. नाही म्हणा, सिनेमा आहे म्हणा, असं मनात ओरडत मी त्याचा हात दाबला.

"हो," नवरा म्हणाला. "तुम्हीच."

साहेबांनी शालीचं टोक सारखं केलं, फोटोला उभे राहिले आणि जेवायला न थांबता गेले.

पुढचा महिनाभर फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे. इकामा झाला, पण एकाच वर्षाचा. एरवी दोन वर्षांचा होत असे. मुलाला हे कळवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला, सगळं सांगितलं आणि म्हणाला, "एक वर्ष आहे हातात. पुढचा सिनेमा लवकर काढ."