चार वाजताची बारीक रेष

आमच्या घरी रेडिओ ऐकायला दोन माणसं लागतात. लायसन माझ्या बुढ्याचं, म्हणजे नवऱ्याचं, माइक आणि कानही त्याचेच. सेटच्या पडद्यावर प्रत्येक येणाऱ्या आवाजाची एक रेष उमटते, पण मोतीबिंदूमुळे त्याला ती दिसत नाही, म्हणून डोळे माझे. मी चौथी पास आहे. रेषा वाचायला तेवढं पुरतं.

आमची पोरगी नदीपलीकडच्या गावात नर्स आहे. पुरात पूल बुडाला की तिकडचा मोबाइलही मरतो. मग ती दुपारी चार वाजता तिच्या लहानशा सेटवरून लागणारी औषधं सांगते आणि इथून डोंग्यानं, छोट्या नावेनं, माल जातो. पडद्यावर तिची रेष बारीक, पिवळी उमटते. अशाच एका पुरात एके दिवशी ती म्हणाली की सापाच्या विषावरची इंजेक्शनं संपत आली आहेत आणि धानाच्या रोवणीचे दिवस आहेत.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून एक हौशी रेडिओवाला मदत करायला म्हणून आला. आमच्या अँटेनाच्या तारेपासून हाकेच्या अंतरावर, शाळेच्या पटांगणात त्यानं भला मोठा सेट लावला. कोणाला विचारलं नाही. चार वाजले आणि आमचा पडदा पांढराफटक झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कंगव्याच्या दातांसारख्या रेषा. बुढ्याच्या कानात नुसती खरखर.

मी शाळेत जाऊन त्याला घरी घेऊन आले. त्याचा सेट तिकडे आपोआप हाका मारतच होता.

"वा आजी, किती स्टेशनं दिसतात! भारी आहे तुमचा सेट."

"थे स्टेशनं नाईत. तुह्याच आवाजाचा पसारा हाये."

तो हसला आणि बुढ्याकडे वळला. "काका, तुमच्या मुलीचा सिग्नल कमजोर असेल. गेन वाढवून बघू." विचारण्याआधीच त्यानं खुंटी फिरवली. उरलासुरला काळा भागही पांढरा झाला.

"हात काढ," मी म्हटलं. "भरल्या गुंडात आणखी पाणी कायले ओततं?"

सेटच्या पोटात मावतं त्याहून जास्त गेलं की तो नसलेलंही दाखवतो. अशा वेळी सेटची ओढ, म्हणजे गेन, कमी करायचा असतो. आमच्या सेटला येणारा जोर दाबायचं एक बटण आहे, त्यावर दहा लिहिलं आहे. ते दाबलं की खरी रेष एक पायरी उतरते. खोटी रेष तीन पायऱ्या कोसळते, नाहीतर पुसूनच जाते. हे बुढ्यानं सांगितलं होतं आणि मी कितीतरी दुपारी स्वतः करून पाहिलं होतं. मोठा सेट घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला ते माहीत नसावं, याचा मला आजही संताप येतो.

मी खुंटी मागे घेतली, बटण दाबलं. कंगवा गेला. त्याची एक जाड रेष उरली आणि डावीकडे, जिथे रोज असते तिथे, बारीक पिवळी.

"आली," मी म्हटलं. बुढ्यानं तिथे सेट लावला.

पोरगी घसा फाटेस्तोवर तेच तेच सांगत होती. धानाच्या बांधीत एका बाईला साप चावला होता, इंजेक्शनं कमी पडत होती. वीस मिनिटं ती अशीच ओरडत होती. इंजेक्शनं घेऊन डोंगा उजेडातच सुटला.

आणि हा माणूस बुढ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "काका, छान शिकवलं आजीला!"

"काकाले पडदा दिसत नाई," मी म्हटलं. "उद्या चार वाजता तुहा सेट बंद पाहिजे."

"आजी, आमचं टाइमटेबल ठरलेलं आहे."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पावणेचारला शाळेत गेले, त्याच्या सेटची करंटची वायर काढली आणि पदराखाली घेऊन घरी आले. तो मागोमाग आला. "आजी, हे बरोबर नाही," असं दारातून म्हणत राहिला. बसायला मी त्याला सांगितलं नाही.

चार वाजता बारीक रेष उमटली, तीही बटण न दाबता.

"इंजेक्शन पोचलं," पोरगी म्हणाली. "बाई उठून बसली. पेज मागून राह्यली."

पोरगीची यादी पुरी होईपर्यंत मी वायर मांडीवरच ठेवली. मग त्याला दिली.